भिंगातील सृष्टी

हॉलंडमधील डेल्फ्ट नगरीत १६३२ साली जन्मलेला आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे शिक्षण त्यास लाभले नव्हते; परंतु बारीक भिंगे घासून तयार करण्यात त्याचा हातखंडा होता.

१६७४ साली त्याने सरोवराचे पाणी भिंगातून पाहिले, तो त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते! अशा निरीक्षणांची पत्रे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस धाडली. पण तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. तो मात्र ढळला नाही. अखेर १६७७ साली, बुचाच्या कापातील पेशी प्रथम पाहणाऱ्या रॉबर्ट हुकने स्वतः पडताळा घेतला, आणि ते जीव त्यालाही दिसले. १६८० मध्ये सोसायटीने लेव्हेनहूकला सदस्यत्व दिले. १७२३ साली तो निवर्तला.

त्या जीवांपैकी अनेकांचे सारे शरीर म्हणजे एकच पेशी होय, हे पुढील पिढ्यांस उमगले.