मोठ्या पडद्याचा वेडा: जॉन लोगी बेअर्ड

कॉलेजमध्ये प्रेझेंटेशनच्या दिवशी लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली आणि प्रोजेक्टरवर नो सिग्नल एवढंच दिसलं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं झालं असेल. पाठवणारं आणि दाखवणारं यंत्र यांचा मेळ बसला नाही की असं होतं. या अडचणीशी आयुष्यभर झगडलेल्या माणसाची ही गोष्ट.

जॉन लोगी बेअर्डचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलन्सबर्ग गावात झाला. लहानपणापासून तब्येत नाजूक. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण आधी त्याने मोजे विकले, त्रिनिदादला जाऊन जॅम बनवून पाहिला, मग साबणाचा धंदा केला. १९२३ मध्ये तब्येत सुधारायला तो हेस्टिंग्जला गेला आणि तिथे टीव्हीच्या मागे लागला. चहाची पेटी, टोपीचा खोका, सायकलच्या दिव्याची भिंगं असल्या वस्तूंमधून त्याने यंत्र जुळवलं. १९२४ मध्ये विजेचा जोरदार झटका बसला. तो थोडक्यात वाचला, पण घरमालकाने जागा सोडायला सांगितली.

२६ जानेवारी १९२६ ला लंडनच्या सोहो भागातल्या एका खोलीत त्याने शास्त्रज्ञांना हलतं चित्र दाखवलं. चित्र फक्त ३० ओळींचं होतं. आपल्या फुल एचडी स्क्रीनवर १०८० ओळी असतात, यावरून अंदाज घ्या. गंमत म्हणजे त्याच्या ओळी उभ्या होत्या आणि चित्र आजच्या रीलसारखं उभट!

खरी डोकेदुखी होती ती सिंकची. पाठवणाऱ्या यंत्रातली भोकांची तबकडी सेकंदाला साडेबारा फेरे घ्यायची. बघणाऱ्याची तबकडीही त्याच वेगाने फिरायला हवी. जरा मागेपुढे झालं की चित्र तिरकं होऊन सरकायला लागायचं. आज हे काम केबल सांभाळते. जोडणी होताच प्रोजेक्टर आपल्याला चालणारी रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट लॅपटॉपला कळवतो. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. ती नीट पोचली नाही तर पडदा काळा राहू शकतो.

बेअर्डला मात्र छोट्या खिडकीत समाधान नव्हतं. हॉलभर लोकांना एकदम दिसलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. जुलै १९३० मध्ये लंडनच्या कोलिझियम थिएटरात त्याने २१०० बल्बचा पडदा लावला. प्रत्येक बल्ब म्हणजे एक पिक्सेल! आजच्या एलईडी वॉलचा हा आजोबाच म्हणा ना. १९३२ मध्ये त्याने डर्बीची घोड्यांची शर्यत थेट सिनेमागृहात दाखवली.

मग दिवस फिरले. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने त्याची २४० ओळींची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची पद्धत आलटून पालटून वापरायला घेतली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्याच्या कंपनीची प्रयोगशाळा जळाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने त्याची पद्धत बंद केली. ज्याने टीव्ही आधी दाखवला, तोच बाहेर पडला. खरं सांगायचं तर निर्णय चुकीचा नव्हता. फिरत्या तबकड्यांचा जमाना संपत आला होता.

पण गडी थांबला नाही. त्याने पिक्चर ट्यूब स्वीकारली. फेब्रुवारी १९३९ मध्ये लंडनच्या सिनेमागृहांत बॉक्सिंगची लढत त्याच्या मोठ्या पडद्यावर थेट दिसली. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं, टीव्ही बंद पडला, कंपनी बुडाली. तरी त्याने स्वतःचे पैसे घालून काम चालू ठेवलं आणि १९४४ मध्ये रंगीत चित्र दाखवणारी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक ट्यूब करून दाखवली.

बीबीसीचा टीव्ही ७ जून १९४६ ला पुन्हा सुरू झाला. बरोबर एका आठवड्याने, १४ जूनला बेअर्ड गेला. त्याच वर्षी जगापुढे आलेल्या एनियाक कॉम्प्युटरला तर स्क्रीनच नव्हता. कॉम्प्युटरचं चित्र भिंतीवर टाकायची कल्पना त्याच्या हयातीत कुणाला सुचणार तरी कशी?

तेव्हा पुढच्या वेळी पडदा काळा राहिला तर घाबरू नका. केबल काढून घट्ट लावा, प्रोजेक्टरचा इनपुट तपासा, विंडोज की आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. तरीही जमलं नाही तर रिझोल्यूशन कमी करून बघा. बेअर्डने तर ३० ओळींपासून सुरुवात केली होती.