जाँ-आँरी फाब्र : पान उलटून बघायला शिकवणारे मास्तर



पावसाळ्यात रताळ्याच्या किंवा बेशरमीच्या पानांना गोल भोकं दिसली, की पान जरा उलटून बघा. कासव भुंगेरा सापडू शकतो. पाठीवर ढाल, ढालीची कड काचेसारखी पारदर्शक, डोकं नि पाय आत लपलेले. काही जाती सोन्यासारख्या चमकतात, पण किडा मेला की ते सोनं उडून जातं. त्याची अळी तर त्याहून अजब. टाकलेली कात आणि स्वतःची विष्ठा ती शेपटीच्या काट्यांवर साठवते आणि छत्रीसारखी पाठीवर धरते. मुंगी जवळ आली की ती छत्री तिच्यावर उगारते!

मुलं लगेच ‘ई!’ म्हणतात. आपणही हात झटकून पुढे जातो. पण अशाच किड्यांसमोर तासन् तास बसून राहणारे एक शिक्षक होऊन गेले. त्यांची ही गोष्ट.

जाँ-आँरी फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात झाला. घरात गरिबी इतकी, की शाळा सुटली आणि जत्रेत लिंबं विकावी लागली. पुढे स्पर्धा परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली, ते शिक्षक झाले आणि वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कार्पांत्रासच्या शाळेत रुजू झाले.

तिथे ते मुलांना जमीन मोजायला माळावर नेत. मुलं मोजणी सोडून सारखी खाली वाकायची. बघतात तर काय, दगडांवर मधमाशीनं बांधलेल्या मातीच्या घरट्यांतला मध मुलं काडीनं चाखत होती! फाब्र रागावले नाहीत, तेही वाकून बघू लागले. त्या माशीची माहिती मिळावी म्हणून त्यांनी महिन्याच्या पगाराएवढं महाग पुस्तक विकत घेतलं.

पुढे अविन्यों शहरात त्यांनी संध्याकाळचे मोफत वर्ग घेतले. त्या वर्गांना मुलीही येत. फुलात परागकण काय करतात, फळ कसं धरतं, हे त्यांनी मुलींनाही सरळ समजावून सांगितलं. झालं! गावातल्या सनातनी मंडळींना ते खपलं नाही. विरोध इतका वाढला, की घरमालकिणींनी घर रिकामं करायला सांगितलं. १८७० मध्ये बायको-मुलांना घेऊन त्यांनी शहर सोडलं आणि नोकरीही सुटली. अडचणीत तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी ३००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी पुढे ते फेडले. त्यानंतर शालेय पुस्तकं लिहून त्यांनी संसार चालवला.

१८७९ मध्ये त्यांनी सेरिन्यांला एक दगडधोंड्यांची, काट्याकुट्यांची पडीक जमीन घेतली. इतरांना नको असलेली ती जागा त्यांची प्रयोगशाळा झाली. कीटकांवरच्या त्यांच्या आठवणींचे दहा खंड १९०७ पर्यंत प्रसिद्ध झाले.

त्यांत लिलीवरच्या लाल भुंगेऱ्याचीही हकिकत आहे. तो आपल्या कासव भुंगेऱ्याच्याच कुळातला, म्हणजे पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचा. त्याचीही अळी विष्ठेचं पांघरूण घेते. का बरं? फाब्र यांनी ॲस्परॅगसवर राहणाऱ्या तिच्या भाऊबंदांशी तुलना केली. त्या अळ्या उघड्या असतात, आणि परजीवी माशी त्यांच्या अंगावर अंडी घालते. लिलीवरची अळी मात्र या घाणेरड्या अंगरख्यामुळे वाचते, असा अर्थ त्यांनी लावला. ‘ई!’ म्हणून पुढे गेले असते, तर हा प्रश्नच पडला नसता.

त्यांची सगळीच मतं टिकली असं नाही. डार्विन यांना त्यांच्या निरीक्षणशक्तीचं फार कौतुक होतं, पण फाब्र यांनी उत्क्रांतीवाद शेवटपर्यंत मान्य केला नाही. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, ९१ व्या वर्षी ते गेले. पण त्यांची बघण्याची पद्धत आजही वर्गात उपयोगी पडते.

शिक्षकांनो, पालकहो, अळी सापडली तर लगेच चिरडू नका. पानासकट बरणीत ठेवा, वर जाळीचं कापड बांधा, रोज त्याच झाडाचं ताजं पान द्या. मुलामुलींना रोज दोन ओळी लिहायला सांगा. उत्तर आधी सांगू नका. आणि एखाद्या मुलीनं अवघड प्रश्न विचारला, तर तो टाळू नका. त्या एका गोष्टीसाठी या मास्तरांनी राहतं घर गमावलं होतं.