एलिहू थॉमसन
एलिहू थॉमसन (२९ मार्च, १८५३ : मँचेस्टर, इंग्लंड – १३ मार्च, १९३७ : स्वाम्पस्कॉट, मॅसेच्युसेट्स, अमेरिका) हे अमेरिकन विद्युत अभियंते व संशोधक होते. विद्युतरोधाच्या उष्णतेने धातू जोडण्याच्या (रेझिस्टन्स वेल्डिंग) पद्धतीचे ते जनक मानले जातात.

बालपणीच ते कुटुंबासह फिलाडेल्फियास आले. तेथील सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकून पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. १८७७ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधील व्याख्यानातील प्रयोगात विजेमुळे तारांची टोके परस्परांना जोडली गेलेली त्यांना आढळली. या निरीक्षणातून विकसित झालेल्या पद्धतीचे पेटंट त्यांना १८८६ साली मिळाले.

या पद्धतीत धातूचे तुकडे एकमेकांवर दाबून धरून त्यांतून प्रबळ विद्युतप्रवाह सोडतात. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या, रोधाच्या आणि काळाच्या प्रमाणात असते. प्रवाह अल्पकाळ राहिल्यास सांधा कच्चा राहतो. अधिक काळ राहिल्यास धातू वितळून उडतो. प्रारंभी हा काळ कामगाराच्या अंदाजावर अवलंबून असे. पुढे ठिपकाजोड (स्पॉट वेल्डिंग) यंत्रांत दाब देणे, प्रवाह सोडणे व सांधा थिजेपर्यंत दाब राखणे या क्रिया स्वयंचलित कालनियंत्रकाकडे आल्या. प्रवाहाचा काळ प्रत्यावर्ती विजेच्या आवर्तनांत मोजतात. ५० हर्ट्झला एक आवर्तन १/५० सेकंदाचे असते.

थॉमसन यांच्या नावावर सुमारे ७०० पेटंटे होती. १९०९ चे पहिले एडिसन पदक त्यांना मिळाले. १९२० ते १९२३ या काळात ते मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे प्रभारी अध्यक्ष होते.