वर सोडलेला बाण

नाशिकहून मनमाडमार्गे चाळीसगाव गाठले की पाटणचा डोंगर दूर नाही. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ कोरलेली आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने मठ काढला. त्याला १२०७ मध्ये दाने मिळाली.

भास्कराचार्य १११४ चे. विद्या वडिलांकडे, महेश्वरांकडे झाली. ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, असे त्यात येते. तेवढ्यावरून त्यांना न्यूटनच्या आधीचा न्यूटन ठरवण्याची आपल्याकडे भारी हौस! मला ती पटत नाही. अंतराबरोबर आकर्षण किती घटते, याचा नियम त्यांनी दिलेला नाही. जड वस्तू लवकर पडते, ही समजूत त्यांचीही होती. पृथ्वी खाली कोसळत असती, तर वर सोडलेला हलका बाण मागेच राहिला असता, जमिनीवर परतलाच नसता, असा त्यांचा युक्तिवाद.

त्यांचे मोठेपण मला गतीच्या विचारात दिसते. चंद्राची चाल दिवसभर सारखी नसते. मग तिथी नेमकी केव्हा संपते हे काढायला दिवसाची सरासरी कशी चालेल? त्यांनी त्या क्षणाची गती घेतली. तिला ते तात्कालिक म्हणतात. अकरावीच्या मुलांना सरासरी वेग आणि तात्क्षणिक वेग यांतला फरक सांगताना मी सफरचंद बाजूला ठेवतो आणि पंचांग उघडतो.