निवाऱ्याच्या शोधात बाबासाहेब

परदेशी जाणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवाऱ्याचा. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात हा प्रश्न परदेशापेक्षा स्वदेशातच अधिक बिकट ठरला.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रथम हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य गणलो जातो, याचा त्यांना विसरच पडला होता.

शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. महाराचा मुलगा म्हणून कोणी हिंदू त्यांना जागा देईना. अखेर रोज दीड रुपया भाडे देऊन, पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाचा पसारा आणि काळोख. सोबतीला कंदील व पुस्तके. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी खटपट चालविली होती. पण तो मिळण्यापूर्वीच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची त्यांना तंबी मिळाली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही असमर्थता दाखविली. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो उच्चविद्याविभूषित तरुण कामाठी बागेत बसून राहिला, आणि मुंबईस परतला.

पण त्यांनी विद्येची कास सोडली नाही. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. ज्यांना स्वदेशात खोली नाकारली गेली, तेच पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महानिर्वाण झाले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या पेडणे-डिचोलीची कित्येक माणसे पोटासाठी परमुलखात खोली शोधत फिरतात. तसेच दूरदेशीचे कष्टकरी आपल्या वाड्यावर भाड्याने जागा मागतात. उद्या तुमच्या दारी असा कोणी आला, तर त्याची जात विचारण्यापूर्वी कामाठी बागेतील त्या तरुणाचे स्मरण ठेवा.