रंगांचा वेध घेणारे रामन

मोराचे एखादे पीस हातात घेऊन थोडे तिरके करावे. क्षणापूर्वी निळा दिसणारा भाग हिरवट होतो आणि हिरवा भाग सोनेरी भासू लागतो. तेच पीस कुटून त्याची पूड केली, तर हाती केवळ काळसर तपकिरी भुकटी उरते. मग तो निळा-हिरवा रंग गेला कोठे? शिंपल्याच्या आतील गुलाबी-हिरवी झाक आणि ओपल या रत्नातील रंगांच्या ठिणग्या यांच्याबाबतही हाच प्रश्न उभा राहतो. पुष्कळांना हा प्रश्न पडतो आणि पडला तसा विरूनही जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मात्र तो आयुष्यभर सोडला नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक होते. विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाल्यामुळे रामन यांचे बालपण समुद्रकाठी गेले. त्यांची बुद्धी असाधारण होती. अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले आणि १९०४ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिकशास्त्राचे सुवर्णपदक मिळवून पदवीधर झाले. १९०६ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, प्रकाशाच्या विवर्तनाविषयीचा त्यांचा निबंध इंग्लंडमधील एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील शिक्षणासाठी विलायतेला जावे, असा सर्वांचा आग्रह होता. परंतु त्यांची प्रकृती तेथील हवामानास टिकणार नाही, असा वैद्यकीय अधिकाऱ्याने निर्वाळा दिला. त्या काळी भारतात संशोधनावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तेव्हा रामन यांनी वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक पटकावला आणि १९०७ साली, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, ते कलकत्त्यास लेखा खात्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ही नोकरी सुखाची होती. एखादा दुसरा त्यातच रमला असता. एके दिवशी ट्रामने जाताना बहूबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेची पाटी रामन यांच्या दृष्टीस पडली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या या संस्थेची प्रयोगशाळा त्या वेळी फारशी वापरात नव्हती. रामन यांनी तेथे काम करण्याची परवानगी मिळवली. पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरी आणि संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा असा त्यांचा दिनक्रम सुरू झाला. मधल्या काळात रंगून आणि नागपूर येथे बदली झाली, तरी संशोधनाचा छंद सुटला नाही. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता, तरी रामन यांनी ते स्वीकारले. या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती. ती पाळण्यास त्यांनी नकार दिला आणि अखेर विद्यापीठानेच ती अट बाजूला ठेवली.

१९२१ साली ऑक्सफर्डच्या एका परिषदेहून परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने रामन यांचे लक्ष वेधून घेतले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. रामन यांच्याजवळ प्रकाशाची परीक्षा करणारा एक लहानसा लोलक होता. त्यातून पाहिले असता पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश अडवला जातो. तसे पाहूनही समुद्र निळाच राहिला. किंबहुना अधिकच निळा दिसला. अर्थात ही निळाई पाण्यातूनच येत होती. जहाज मुंबई बंदरात पोहोचताच त्यांनी आपले निरीक्षण ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहून काढले. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, हे त्यांचे सांगणे होते. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, याचाही या निळाईत मोठा वाटा असतो, हे आज आपण जाणतो. परंतु या निरीक्षणातून प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा जो अभ्यास सुरू झाला, त्याचा शेवट २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणामा’च्या शोधात झाला. एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून सोडला, तर विखुरलेल्या प्रकाशातील अत्यल्प भागाचा रंग बदललेला असतो आणि या बदलावरून त्या पदार्थाच्या रेणूंची ओळख पटते. या शोधकार्यात के. एस. कृष्णन यांची त्यांना मोलाची साथ होती. १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा सन्मान मिळवणारे ते पहिले आशियाई होत.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही.

१९३३ साली रामन बंगळूरच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’चे पहिले भारतीय संचालक झाले. पुढल्याच वर्षी त्यांनी विज्ञान अकादमीची स्थापना करून तिचे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकातील पहिला निबंध त्यांचा स्वतःचाच होता आणि त्याचा विषय होता पक्ष्यांच्या पिसांचे रंग. त्यासाठी त्यांनी निवडलेला पक्षी होता आपल्या ओळखीचा नीलपंख, म्हणजे दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात तो. त्याच्या पिसात निळे रंगद्रव्य मुळीच नसते. पीस उजेडासमोर धरून आरपार पाहिले, तर निळाई दिसेनाशी होते. पिसातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्या प्रकाश विखुरतात म्हणून ते आकाशाप्रमाणे निळे दिसते, असे तोवर मानले जाई. एवढे साधे स्पष्टीकरण पुरेसे नाही, असे रामन यांनी दाखवून दिले. त्या पोकळ्यांच्या मांडणीत एक प्रकारचा नियमितपणा असतो, हे पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने स्पष्ट झाले.

त्यानंतर शिंपल्यांची पाळी आली. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंगांचे पट्टे उमटलेले आपण पाहतो. पातळ थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत फिरतो आणि थोडा खालच्या पृष्ठभागावरून. या दोन लहरी एकत्र येतात तेव्हा काही रंगांना बळ मिळते व काही रंग मावळतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. शिंपल्याच्या आतील चकाकत्या भागात असे थर एकावर एक शेकड्यांनी रचलेले असतात. एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी असते. हे थर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच द्रव्याचे असतात. पांढऱ्या खडूला जे साधत नाही ते शिंपल्याला साधते, ते केवळ रचनेच्या बळावर. १९३५ मध्ये रामन यांनी इंद्रधनुषी शिंपल्यांवर लेखमालाच लिहिली.

या काळातील रामन यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निसर्गाकडे मोकळ्या दृष्टीने पाहणारा हा शास्त्रज्ञ माणसांच्या बाबतीत नेहमीच तसा नव्हता. १९३३ साली मुंबईहून आलेल्या कमला भागवत यांना, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणासाठी, त्यांनी संस्थेत प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत, तेव्हा अपमानास्पद अटी घालून त्यांना प्रवेश देण्यात आला. वर्षभराचे त्यांचे काम पाहून रामन यांना आपले मत बदलावे लागले. याच कमलाबाई पुढे कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाल्या. काही वर्षांनी अन्ना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांवर संशोधन केले. संस्थेच्या कारभारातही रामन यांचे सहकाऱ्यांशी खटके उडत. १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. प्राध्यापक म्हणून मात्र ते १९४८ पर्यंत तेथेच राहिले.

निवृत्तीनंतर बंगळूरमध्येच उभ्या केलेल्या ‘रामन संशोधन संस्थे’त ते रमले. सरकारी अनुदान घेण्यास ते फारसे राजी नसत. खनिजे, रत्ने, शंख-शिंपले, फुलपाखरे आणि पेंढा भरलेले पक्षी यांचा मोठा संग्रह त्यांनी तेथे केला होता. एका अंधाऱ्या खोलीत दगडांची मांडणी होती. दिवसाउजेडी निस्तेज दिसणारे ते दगड अतिनील किरण पडताच हिरव्या, नारिंगी तेजाने उजळत. शाळेतील मुलांना हे सारे दाखवताना रामन यांच्या उत्साहाला भरते येई.

याच संस्थेत १९५० नंतरच्या काळात त्यांनी ए. जयरामन व इतर तरुण सहकाऱ्यांसह चंद्रकांत मणी, लॅब्राडोराइट, इंद्रधनुषी अकीक, मोती आणि ओपल यांचा अभ्यास केला. जगातील भौतिकशास्त्र तेव्हा अणुकेंद्राच्या मागे लागले होते. त्या काळात नोबेल पारितोषिक मिळालेल्या माणसाने दगड-शिंपले निरखीत बसावे, हे काहींना जुनाट वाटले. रामन यांना त्याची पर्वा नव्हती. करड्या रंगाचा लॅब्राडोराइट विशिष्ट कोनात धरताच त्यातून निळी ज्योत चमकते. खडक सावकाश थंड होत असताना खनिजात दोन भिन्न घटकांचे अतिसूक्ष्म पापुद्रे वेगळे होतात आणि ही चमक त्या पापुद्र्यांतून येते, हे आता निश्चित झाले आहे.

ओपलचे कोडे त्याहून अवघड होते. ते रत्न वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकेचे असते. त्याच्या अंतरंगात ठराविक अंतराने पुनरावृत्त होणारी रचना असली पाहिजे, असा निष्कर्ष रामन आणि जयरामन यांनी १९५३ मध्ये मांडला. ही रचना सिलिकेच्या दोन रूपांच्या आलटून-पालटून येणाऱ्या थरांची असावी, असे त्यांना वाटले. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल पाहिला, तेव्हा तेथे थर नव्हते. तेथे होते सिलिकेचे इवलेसे गोल, फळवाल्याने रचलेल्या मोसंब्यांसारखे ओळीने बसवलेले. ते इतके लहान की मिलिमीटरभर लांबीत तीन हजारांहून अधिक मावावेत. नियमित रचनेवर प्रकाशाचे विवर्तन होऊन हे रंग उमटतात, हा रामन यांचा मूळ विचार टिकला. थरांची कल्पना मात्र सोडून द्यावी लागली.

१९५४ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा किताब लाभला. अखेरच्या वर्षांत ते फुलांच्या रंगांकडे आणि मानवी डोळ्याला रंग कसे दिसतात या प्रश्नाकडे वळले. ‘दृष्टीचे शरीरविज्ञान’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या आवारातील बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. तेथे समाधी बांधलेली नाही. त्या जागी पिवळ्या फुलांचे एक झाड लावण्यात आले.