विद्यार्थिनीच्या मापाने बेतलेले विद्यापीठ

परीक्षा जवळ आली की आपण सारेच अभ्यासक्रमाच्या नावाने बोटे मोडतो. पण तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून आखला गेला, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. हा प्रश्न गणिताच्या एका प्राध्यापकांनी विचारला आणि त्याच्या उत्तरातून एक विद्यापीठ उभे राहिले. ते प्राध्यापक म्हणजे महर्षी धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे झाला; बालपण मुरूडला गेले. शिक्षणाचे दार तोंडावर बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना लवकरच कळले. सहावीच्या परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेले. पण वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. तरीही नेटाने शिकत १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. १८९१ साली गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात टिळकांच्या रिकाम्या झालेल्या जागी गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि समाजाचा रोष पत्करला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळरानावर गेला आणि दिवसभराचे अध्यापन आटोपून अण्णा चिखल तुडवीत तिकडे जाऊ लागले.

या आश्रमात त्यांना विद्यार्थिनी जवळून पाहता आली. मुलगे शाळा संपवून बाहेर पडतात त्या वयात कोणी इथे अक्षरे गिरवू लागे. अशा स्त्रीपुढे उच्च शिक्षणासाठी एकच वाट होती: सारे विषय इंग्रजीतून आणि परीक्षा मुलग्यांसाठी आखलेल्या. ही वाट फार थोड्या जणींच्या आवाक्यातली होती.

याच सुमारास टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशी योजना मांडली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच!

योजना नीट पाहिली की शिक्षकाचा हात दिसतो. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीची. गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र हे आवश्यक विषय. आणि आयुष्यभर गणित शिकवलेल्या या माणसाने गणित ऐच्छिक केले! स्वतःच्या विषयापेक्षा समोरची विद्यार्थिनी मोठी मानणारे प्राध्यापक किती आढळतील?

टीका दोन्ही बाजूंनी झाली. मातृभाषेचा आग्रह गांधीजींना पटला, पण इंग्रजीची सक्ती त्यांना नको होती. अण्णा आपल्या मतावर ठाम राहिले. काही सुधारकांना तर वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम वाटला. पदवीला सरकारी मान्यता नव्हती. अण्णा गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत राहिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. कायद्याची मान्यता मिळण्यासाठी मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

सुधारकांच्या त्या टीकेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. स्त्री म्हणजे गृहिणी आणि माता, हे माप त्या काळाचे होते आणि अण्णाही त्यातून पूर्ण सुटले नव्हते. ज्या मुलीला गणितच हवे होते, तिला हा अंगरखा तोकडा पडला असता. पण शहाणा शिंपी शिवणीत माया ठेवतो. अंग वाढले की ती उसवता येते. आज त्याच विद्यापीठात मुली अभियांत्रिकीही शिकतात.

अभ्यास मंडळे आजही बसतात. विषय, तासिका, गुण ठरतात. मित्रहो, त्या टेबलाभोवती सर्व असतात, नसतो तो बहुधा विद्यार्थी. अण्णांनी त्याला, नव्हे तिला, आधी नजरेसमोर आणले आणि मग लेखणी उचलली. आपल्यापैकी जे उद्या प्राध्यापक होतील, त्यांनी एवढा एक क्रम तरी विसरू नये.